ब्लू-रे प्लेअर कोणता घ्यावा, आणि मुंबईत डिस्क भाड्याने मिळते का?

मुलुंडच्या एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा: घरात नवा ५५ इंची फोरके टीव्ही आलाय. जुन्या डीव्हीडी प्लेअरचा ट्रे उघडेनासा झालाय. कपाटात वडिलांनी जमवलेल्या नाटकांच्या चाळीसेक व्हीसीड्या आणि शे-सव्वाशे डीव्हीड्या आहेत. आता साधा ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त डेटा मावणारी डिस्क) प्लेअर घ्यावा, फोरके घ्यावा, की प्लेस्टेशन घेऊन मुलाचंही समाधान करावं? आणि डिस्क विकत न घेता मुंबईत भाड्याने देणारं कोणी उरलंय का?

प्रश्न दोन विचारलेत, पण पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे. डिस्क कुठून येणार, हे ठरल्याशिवाय प्लेअर ठरत नाही. बहुतेक जण उलट करतात. आधी प्लेअर आणतात, मग डिस्क शोधायला निघतात, आणि वर्षभराने त्या यंत्रावर फुलदाणी येऊन बसते. म्हणून आधी भाड्याचं बघू.

सरळ सांगायचं तर, पूर्वी नाक्यानाक्यावर व्हिडिओ लायब्ररी असायची, तशी ब्लू-रेची लायब्ररी मुंबईत मिळेल असं धरून यंत्र घेऊ नका. २००० नंतरच्या दशकात बिगफ्लिक्स, सेव्हन्टीएमएम यांसारख्या सेवा डीव्हीडी घरपोच देत आणि परत घेऊन जात. ते सगळं थांबलं. अमेरिकेत नेटफ्लिक्सनेही टपालाने डिस्क पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केलं, आणि यंत्रातून डिस्क भाड्याने देणारं रेडबॉक्स २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेलं.

आपल्याकडे या धंद्याला इंटरनेटच्या आधीच घरघर लागली होती. २००७ च्या सुमारास डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणल्या. डिस्क स्वतःचीच एवढ्यात मिळत असेल, तर डिपॉझिट भरून, भाडं देऊन, वर उशिराचा दंड कोण भरणार? ब्लू-रेचं गणित नेमकं उलटं अडलं. डिस्क महाग आणि प्लेअर असलेलं गिऱ्हाईक विरळ, त्यामुळे लायब्ररीवाल्याला एका डिस्कची किंमत वसूल व्हायलाच बरीच भाडी लागायची. तेवढ्यात कोणीतरी ती ओरखडे पाडून परत आणायचा.

यात कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती फार जणांना माहीत नसते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १४ नुसार चित्रपटाची प्रत व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडे असतो. दुकानातून डिस्क विकत घेतली म्हणून ती भाड्याने फिरवता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो. २०१२ च्या दुरुस्तीत ‘व्यापारी भाडे’ म्हणजे काय ते स्पष्ट केलं आणि नफा न कमावणारी ग्रंथालयं आणि शिक्षणसंस्था त्यातून वगळल्या. मित्राला डिस्क बघायला दिलीत तर ते भाडं होत नाही. सोसायटीच्या गणपतीत पडदा लावून दाखवणं मात्र वेगळं प्रकरण आहे, त्याला परवानगी लागतेच.

मग उरलं काय? पहिली जागा म्हणजे परदेशी सांस्कृतिक संस्थांची ग्रंथालयं. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन आहे, शिवाय आलियाँस फ्रान्सेझ आहे. सभासद होण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: डिस्क घरी देतात का, एका वेळी किती देतात, आणि त्या कोणत्या रीजनच्या आहेत, म्हणजे जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालण्यासाठी काढलेल्या आहेत. तिसरा प्रश्न विसरू नका. युरोपातून आलेली डीव्हीडी बहुधा रीजन २ ची असते, भारताचा रीजन ५. दुकानातून जसाच्या तसा आणलेला प्लेअर ती नाकारू शकतो.

दुसरा मार्ग मला सगळ्यांत व्यवहारी वाटतो. जुनी डिस्क विकत घ्यायची, बघायची आणि पुढे विकायची. समजा, वापरलेली ब्लू-रे ७०० ला घेतली आणि दोन महिन्यांनी ५०० ला गेली, तर तुमचं भाडं पडलं २०० रुपये, आणि परत करायची घाई नाही. बॉक्स, आतलं कागदी कव्हर आणि डिस्क तिन्ही शाबूत असतील तरच पुढचा घेणारा दर देतो, म्हणून कव्हर फाडू नका आणि त्यावर नाव लिहू नका. चार-पाच घरांनी मिळून ठरवून वेगवेगळे चित्रपट घेतले आणि आपसात फिरवले, तर खर्च आणखी खाली येतो.

तिसरा मार्ग ऑनलाइन भाड्याचा. ॲपल, ॲमेझॉन, यूट्यूब यांवर भाड्याने घेतलेला चित्रपट सहसा ३० दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचा असतो. एकदाच बघायच्या चित्रपटाला हेच सोयीचं, यात कमीपणा काही नाही. फरक पडतो तो डेटात. फोरके स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट) वेग पुरेसा मानतं. साध्या ब्लू-रेवर नुसत्या चित्रालाच ४० एमबीपीएसपर्यंत वाव असतो आणि फोरके डिस्कवर एकूण दर १२८ पर्यंत जाऊ शकतो. अंधारातले प्रसंग, धूर, पाऊस, पाण्यावरची लहर अशा ठिकाणी स्ट्रीमिंगमध्ये चौकोनी ठोकळे आणि रंगाचे पट्टे दिसतात, डिस्कवर ते जवळपास दिसत नाहीत. आवाजात तर फरक त्याहून मोठा, पण तो टीव्हीच्या स्पीकरवर कळणार नाही.

म्हणजे भाड्याच्या भरवशावर प्लेअर घ्यायचा नाही. तुमच्याकडे जे आहे आणि वर्षाला ज्या दहा-पंधरा डिस्क तुम्ही खरोखर घ्याल, त्यावर यंत्र ठरवायचं. नाहीतर नाकापेक्षा मोती जड.

आता जुनी किंवा मागून आणलेली डिस्क हातात घेतल्यावर काय बघायचं. ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि सावकाश फिरवा. मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारा बारीक ओरखडा सहसा त्रास देत नाही, कारण लेझर तो क्षणात ओलांडतो आणि गेलेला डेटा प्लेअर दुरुस्तीच्या सांकेतिक माहितीतून भरून काढतो. गोलाईच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट. तो ट्रॅकच्या बरोबरीने धावतो, सलग डेटा खातो आणि चित्र तिथे अडतं. सीडी आणि व्हीसीडीची खरी नाजूक बाजू वरची, लेबलची. चकाकणारा थर लेबलाच्या लगेच खाली असतो. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं दिसली, तर तिथला डेटा कायमचा गेला. डीव्हीडीत तो थर मधोमध, पृष्ठभागापासून ०.६ मिलिमीटरवर असतो. ब्लू-रेत मात्र फक्त ०.१ मिलिमीटरवर, आणि वर एक कडक लेप.

या एका आकड्यामुळे बरंच काही ठरतं. घासलेली डीव्हीडी पॉलिशच्या मशीनवर पुन्हा चालती करता येते, कारण घासायला जाडी आहे. ब्लू-रेला पॉलिश करू नका. कडक लेप निघाला की डिस्क संपली. टूथपेस्टचा उपायही तिला नको. ब्लू-रेवर बहुधा ओरखडा नसतोच, बोटाचा ठसा असतो, आणि एवढ्या जवळच्या थराला तेवढाही पुरतो. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, मायक्रोफायबरचं फडकं त्यात बुडवून पिळा, आणि मधून बाहेर सरळ रेषेत पुसा. गोल गोल नाही. मग साध्या पाण्याने पुसून कोरडी करा. थिनर, पेट्रोल, खिडकीच्या काचेचा स्प्रे यांतलं काही नको.

मुंबईत आणखी एक शत्रू आहे, पावसाळा. जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशीची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी येते, विशेषतः कागदी पाकिटातल्या व्हीसीड्यांवर. वरवरची असेल तर वरच्याच पद्धतीने निघते. कडेने आत शिरून चकाकी खाल्ली असेल तर काही होत नाही. कागदी पाकिटं फेकून द्या, प्लास्टिकच्या केसमध्ये डिस्क उभ्या ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्लेअरही आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा, आतली ओल त्याच्याच उबेने जाते.

वडिलांच्या व्हीसीड्यांकडे मात्र आधी लक्ष द्या, कारण नव्या यंत्रांत सगळ्यांत जास्त फसगत तिथेच होते. ‘ब्लू-रे प्लेअर म्हणजे खालचं सगळं चालणार’ असं लोक गृहीत धरतात. डीव्हीडी चालते. व्हीसीडी मात्र बऱ्याच मॉडेलांत चालत नाही. माहितीपत्रकात व्हीसीडी असा स्पष्ट उल्लेख असेल तरच माना. प्लेस्टेशन ५ तर साधी गाण्यांची सीडीसुद्धा वाजवत नाही.

पण व्हीसीडीसाठी प्लेअर शोधायची गरजच नाही. यूएसबीचा साधा डीव्हीडी रायटर लॅपटॉपला लावा, डिस्क उघडा, त्यात एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर दिसेल. त्यातली एव्हीएसईक्यू०१ नावाची डॅट फाइल हार्ड डिस्कवर उचला. व्हीसीडीवर कॉपी रोखणारं कुलूप नसतं. एका डिस्कवर सत्तर-ऐंशी मिनिटं मावतात, म्हणून एका नाटकाच्या दोन किंवा तीन फाइली होतील. त्यांना नाटकाचं नाव आणि अंक द्या. व्हीएलसी या मोफत प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये त्या थेट चालतात. टीव्हीच्या यूएसबीवर चालल्या नाहीत तर व्हीएलसीनेच एमपी४ करून घ्या. कॉपी करताना मध्येच वाचन अडलं, तर तीच डिस्क पुसून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, एकाने नाकारलेली दुसरा वाचतो असं पुष्कळदा होतं. हे काम या पावसाळ्याच्या आत उरका.

व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. फोरके पडद्यावर ठिपके ८० पटींहून जास्त आहेत, तेव्हा कुठलंही यंत्र त्यातून नवीन तपशील काढू शकत नाही. टीव्हीची शार्पनेस शून्याच्या जवळ आणा आणि आकार चार-तीन ठेवा. पडदा भरण्याच्या नादात ताणलंत, तर सगळी पात्रं बुटकी आणि जाड दिसतात, आणि नेपथ्यातला दरवाजा गॅरेजचा वाटतो.

आता प्लेअर. साधा ब्लू-रे प्लेअर १०८०पी, म्हणजे फुल एचडी चित्र देतो, डीव्हीडीही चालवतो. फोरके प्लेअर हे सगळं करतो आणि शिवाय ६६ आणि १०० जीबीच्या अल्ट्रा एचडी, म्हणजे फोरके डिस्क वाचतो. फरक घ्यावा का, ते तुमच्या हॉलवर अवलंबून आहे. ५५ इंची पडद्यावर १०८०पी चित्राचे ठिपके साधारण सात फुटांपलीकडून निरोगी डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. मुंबईच्या हॉलमध्ये सोफा सात-आठ फुटांवरच असतो. म्हणजे नुसत्या ठिपक्यांसाठी फोरके घेण्यात तुम्हाला फार मिळणार नाही. मिळतं ते एचडीआरमुळे, म्हणजे उजेडाचा पल्ला आणि रंग. टीव्ही चांगला उजळ असेल किंवा ओलेड असेल तर फरक पहिल्या मिनिटात दिसतो. स्वस्त, मंद उजेडाच्या पॅनेलवर एचडीआर चित्र कधी कधी उलट काळवंडलेलं वाटतं. तुमच्या टीव्हीचं मॉडेल लिहिलेलं नाही, म्हणून इथे अंतिम शब्द मी देत नाही.

फोरके घ्यायचाच ठरला तर निवड आता फार मोठी नाही. ओप्पोने २०१८ मध्ये आणि सॅमसंगने २०१९ मध्ये या धंद्यातून अंग काढून घेतलं. सोनी आणि पॅनासॉनिक ही दोन मुख्य नावं. सोनीच्या यूबीपी-एक्स७०० ला दोन एचडीएमआय आहेत. एक टीव्हीला, दुसरा जुन्या रिसीव्हरला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) आवाजासाठी. ज्यांचा रिसीव्हर फोरके सिग्नल पुढे देत नाही त्यांची त्यामुळे सोय होते. त्यात डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक वरचा प्रकार) हाताने चालू-बंद करावं लागतं. ते चालू ठेवून साधी एचडीआर१० डिस्क लावली तर रंग बिघडल्यासारखे वाटतात, आणि लोक प्लेअरला दोष देतात. पॅनासॉनिकचा डीपी-यूबी८२० डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० प्लस दोन्ही देतो, आणि त्याची एचडीआर जुळवण्याची सोय मंद टीव्हीवर खरंच कामाची आहे. टीव्ही सॅमसंगचा असेल तर डॉल्बी व्हिजनसाठी जादा पैसे देऊ नका, ते टीव्ही हे घेतच नाहीत.

प्लेस्टेशन ५ घ्यायचा तर डिस्क ड्राइव्ह असलेला. तो फोरके डिस्क चालवतो, पण डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन देत नाही, आणि पंख्याचा आवाज शांत प्रसंगात जाणवतो. पीएस४ प्रो फोरके डिस्क वाचत नाही, नावावर जाऊ नका. एक्सबॉक्स सिरीज एक्स चालेल, सिरीज एसला ड्राइव्हच नाही. मुलगा खेळणारच असेल तर कन्सोल, नाहीतर सुटा प्लेअर. संगणकाचा मार्ग सोडा: अधिकृतपणे फोरके डिस्क चालवायला इंटेल प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षेची सोय लागते, आणि ती अकराव्या पिढीपासूनच्या घरगुती प्रोसेसरांतून काढून टाकली आहे.

रीजनचं पुन्हा एकदा, कारण पैसे वाया जातात ते इथे. ब्लू-रेत भारत रीजन सी मध्ये येतो, अमेरिका ए, युरोप बी. इथे घेतलेल्या प्लेअरवर क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीची रीजन ए ची ब्लू-रे चालणार नाही. फोरके डिस्कला रीजनच नसतो. पण एकाच बॉक्समध्ये फोरके डिस्कसोबत येणारी ब्लू-रे रीजनबंद असू शकते, आणि मुलाखती वगैरे जास्तीचा ऐवज बहुधा तिच्यावर असतो. उलट, नातेवाइकाने अमेरिकेहून प्लेअर आणला तर मागची पट्टी वाचा. १००-२४० व्होल्ट असेल तर फक्त पिन बदला. नुसतं १२० असेल तर २३० चं ११० करणारा १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर लावा. थेट बोर्डात घातलात तर पॉवर सप्लाय क्षणात जळतो, आणि इथली वॉरंटीही नसते.

जोडताना तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. एक, टीव्हीचा पोर्ट जुन्याच मोडमध्ये राहतो. एलजीवर एचडीएमआय डीप कलर, सॅमसंगवर इनपुट सिग्नल प्लस, सोनीवर एन्हान्स्ड फॉरमॅट त्या पोर्टसाठी चालू करा, नाहीतर एचडीआर येणारच नाही. दोन, केबल १८ जीबीपीएसची हवी. चित्र मधूनच काळं होऊन परत येत असेल तर आधी केबल बदला, मग प्लेअरवर संशय घ्या. तीन, प्लेअरच्या मेनूत दुय्यम आवाज मिसळण्याची सेटिंग असते, ती बंद करा, आणि आवाज बिटस्ट्रीमवर (न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणं) ठेवा. ती चालू असली की रिसीव्हरपर्यंत पूर्ण आवाज पोचत नाही. ऑप्टिकल केबलने तर तो कधीच पोचत नाही, त्याला एचडीएमआय लागतं, साउंडबार असेल तर ई-आर्क (टीव्हीतून आवाज साउंडबारकडे नेणारी एचडीएमआयची सोय).

नवी डिस्क ‘वाचता येत नाही’ म्हणाली आणि जुन्या चालत असल्या, तर बहुधा प्लेअरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं आहे. ब्लू-रेच्या कुलपाच्या किल्ल्या वेळोवेळी बदलतात. इंटरनेट जोडून अपडेट करा, किंवा एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून. लेन्स साफ करायची ब्रशवाली डिस्क घालू नका, ब्लू-रेची लेन्स डिस्कच्या फार जवळून जाते.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वापरलेला प्लेअर बघायला गेलात तर घरून डिस्क घेऊन जा. डीव्हीडी चालली म्हणून ब्लू-रे चालेल असं नाही. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा, ब्लू-रेचा निळा-जांभळा ४०५ चा, आणि आधी थकतो तो बहुधा निळा. ट्रे आत जाते, लोडिंग येतं, आत दोन-तीनदा घर्र होतं आणि पडद्यावर ‘नो डिस्क’. एवढं दिसलं की पैसे खिशातच ठेवा. ५० जीबीची दोन थरांची ब्लू-रे लावा, थेट शेवटच्या प्रकरणावर उडी मारा, आणि तिथे पाच मिनिटं सलग चालू द्या. मग तुमच्या कपाटातली सगळ्यांत ओरखडलेली डीव्हीडी लावा. दुकानदार घाई करायला लागला तर चहा मागवा, पण दोन्ही बघितल्याशिवाय उठू नका.